शिंगरू निपाणीचं, गिऱ्हाईक कागलचं

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिवंत घोड्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. लाखाच्या शिंगरामागे सात हजार वाचले, ठीकच. पण कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीकडे पैदास करणाऱ्याला दरापेक्षा राज्याची हद्द जास्त नडते.

गंमत बघा: घोडीला गाढवापासून खेचर झालं तर कर शून्य, घोड्यापासून शिंगरू झालं तर ५ टक्के. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्याही करमुक्त. शेतमालाच्या व्याख्येतूनच घोडेपालन वगळलंय, त्यामुळे शेतकरी म्हणून सूट मागता येत नाही.

कर्नाटकात नुसती जनावरं विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. आपल्या घोड्याकडून दुसऱ्याची घोडी लावून (फळवून) द्यायचे पैसेही घेत असाल तर २० लाख. म्हणजे शिंगरू पार बंगळूरला विकलं तरी निवांत. तेच हद्दीवरचं कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलला दिलं की आंतरराज्य विक्री: पहिल्याच जनावराला नोंदणी, आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी) आणि किंमत पन्नास हजारांवर असेल तर ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीची ऑनलाइन पावती. 'गिऱ्हाईक दारात येऊन घेऊन गेलं' हे सांगून सुटका नाही. पावतीवर पत्ता महाराष्ट्रातला असला की झालं. (हौसेचं घरचं घोडं एकदाच विकणाऱ्याला हे लागू नाही.)

खरी मेख पुढे. नोंदणी झाली की ती एका शिंगरापुरती राहत नाही. घोडी लावायच्या दहा हजारांवरही १८ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, आणि समोरच्या शेतकऱ्याची नोंदणी नसेल तर त्याला ते परत मिळत नाहीत. तो मग शेजारच्या बिगरनोंदणीवाल्याकडे घोडी नेतो.

क्रेडिटचंही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करण्याचंही, तसंच. वाळलं गवत, सुटा हरभरा यावर करच नाही, तर वजावट कशाची? खोगीर-लगामावर १८ टक्के भरलेत, ते वळतात. दुसऱ्या नोंदणीवाल्याकडे घोडी लावली तर तिथलं क्रेडिट मिळतं, पण गाभण काळ अकरा महिने, शिंगरू विकायला आणखी दोन वर्षं, तोवर ते पडून. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत दाव्यात घेतलं नाही तर तेही गेलं. विक्री ५ टक्क्यांवर नि खर्च १८ वर असला तरी सेवांवरच्या कराचा परतावा निघत नाही. फक्त मालावरचा निघतो.

अकलूजच्या बाजारात जनावर नेऊन तिथेच विकायचं असेल तर महाराष्ट्रात तात्पुरती नोंदणी लागते: किमान पाच दिवस आधी अर्ज, अंदाजे कर आगाऊ, मुदत ९० दिवस. कंपोझिशनचा (उलाढालीवर ठरावीक कमी टक्के कर भरायचा) सोपा रस्ता आंतरराज्य विक्रीला बंद आहे. आणि विक्री नसलेल्या महिन्यातही विवरण भरायचं, नाहीतर दिवसाला २० रुपये दंड.