दारातलं भिंग

आमच्या दाराला एक भिंग आहे, शर्टाच्या बटणाएवढं. बेल वाजली की मी पावलं न वाजवता दाराशी जातो, एक डोळा मिटतो आणि बाहेरच्या माणसाचा निकाल लावतो. त्या भिंगातून कोणीच धड दिसत नाही. नाक चेहराभर पसरलेलं, पाय काडीसारखे, आणि तोंडावर हमखास काहीतरी डाव शिजत असल्याचा भाव. एकदा ही किल्ली विसरून बाहेर गेली होती, तर परत आल्यावर भिंगातून मला तीही संशयास्पद वाटली. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

बघून दार उघडण्यात वाईट काही नाही. घरात एकटं राहणाऱ्याला तर मी मुळीच उपदेश करणार नाही. माझी पंचाईत वेगळी आहे. चर्चच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायची पाळी अधूनमधून माझ्यावर येते, आणि एकदा वाट्याला आला तो नेमका इब्री लोकांस पत्राचा 13वा अध्याय. अतिथिप्रेम विसरू नका, कारण ते करताना कित्येकांनी नकळत देवदूतांचं आतिथ्य केलं आहे. अतिथिप्रेमासाठी मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे फिलोझेनिया. त्यातला झेनोस म्हणजे परका. पाहुणचार म्हटलं की मला नात्यातली माणसं आठवतात. त्या शब्दात मात्र नात्याचा मागमूस नाही. आपला ‘अतिथी’ही तिथी न कळवता येणारा, असं शाळेत शिकलो होतोच. पण वाचताना मी अडखळलो तो ‘नकळत’ या शब्दापाशी. माझा सगळा आटापिटा आधी कळावं म्हणून!

बायबलमधल्या अब्राहामाच्या तंबूला भिंग नव्हतं. भर उन्हात तो मम्रे इथे तंबूच्या दाराशी बसला होता, समोर तीन अनोळखी माणसं दिसली आणि म्हातारा धावत गेला. पाय धुवायला पाणी आणतो, भाकरीचा तुकडा आणतो, एवढंच म्हणाला. मग आत जाऊन बायकोला, सारेला, तीन मापं सपीठ मळायला लावलं, गुरांकडे पळत जाऊन कोवळं वासरू निवडलं, दही-दूध आणलं. बोलला तुकड्याचं आणि घातली मेजवानी. नावगाव विचारल्याचं उत्पत्ती या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात कुठेच नाही. (सारेला मात्र आधी विचारायला हवं होतं, असं आमच्या घरातलं मत आहे.)

आता माझं ऐका. दुपारचे तीन वाजले होते, नुकता डोळा लागला होता. बेल. भिंगात एक बाई आणि तिच्या कमरेला टेकलेलं एक डोकं. मी साखळी न काढता दार चार बोटं उघडलं.

“वरची भाड्याची जागा बघायला आलोय. मालक अजून आले नाहीत. याला जरा बाथरूमला जायचंय.”

“कुठले मालक? कितवा मजला?” मी विचारलं. मग, कोणी पाठवलं. मग, फोन करून आला नाहीत का. पोरगं या पायावरून त्या पायावर होत होतं. चौथ्या प्रश्नाला मागून हिचा हात आला, साखळी निघाली. “जा बाळा, डावीकडे.” एक चप्पल दारात टाकून आणि एक पायात ठेवून ते पळालं.

परत आल्यावर त्याचं लक्ष भिंगाकडे गेलं. आईने उचलून धरलं. डोळा लावून बराच वेळ बघत राहिलं आणि म्हणालं, “आई, इथनं सगळी लांब लांब दिसतात.”

मत्तयाच्या शुभवर्तमानात, 25व्या अध्यायात, शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. राजा एका बाजूच्यांना म्हणतो, मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलं. दुसऱ्या बाजूच्यांना म्हणतो, नाही घेतलं. गंमत अशी की विचारतात दोघंही एकच: प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं? ज्यांनी दार उघडलं त्यांनाही पत्ता नव्हता. म्हणजे भिंगात राजा ओळखून कुणाचीच सुटका झालेली नाही. माझे चार प्रश्न या हिशेबात कुठे बसतात, ते मी अजून शोधतोय.

तरी पहिले ख्रिस्ती भोळे नव्हते. दिदाखे नावाची फार जुनी शिकवण आहे, बहुधा पहिल्या शतकाच्या आसपासची. फिरत्या प्रेषिताला प्रभूसारखं घरात घ्या, ती सांगते. पण तो एक दिवस राहावा, गरज असेल तर दुसराही. तिसरा दिवस राहिला तर समजा, खोटा संदेष्टा. आणि जाताना पैसे मागितले तरीही खोटाच. हे लिहिणाऱ्याच्या घरी पाहुणे येऊन गेले असणार. येशूचा शिष्य पेत्रही पाहुणचार करा एवढ्यावर थांबत नाही, कुरकुर न करता करा म्हणतो. कुरकुर ऐकू आल्याशिवाय कोणी असं लिहीत नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले, त्यांतही ही कुरकुर आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ख्रिस्त समजून घ्या, असं 53व्या प्रकरणात आहे. पण पाहुणे कधीही टपकतात, म्हणून त्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवा आणि तिथल्या बंधूंना लागतील तशी मदतीला माणसं द्या, म्हणजे ते कुरकुरणार नाहीत, हेही आहे. मला सगळ्यात आवडतो तो 66व्या प्रकरणातला द्वारपाल. शहाणा म्हातारा हवा, भटकायची हौस फिटलेला. कोणी दार ठोठावलं की त्याने लगेच म्हणायचं, “देवाचे आभार!” कोण आलंय ते कळायच्या आधी.

करून बघायला हरकत नव्हती. पहिले काही दिवस तोंडातून सवयीने “कोणे?” हेच निघालं. परवा दुपारी पुन्हा बेल वाजली. मी अंथरुणातूनच “देवाचे आभार” म्हटलं, अगदी कुरकुरत, आणि भिंगाकडे न बघता दार उघडलं. पार्सलवाला होता. पार्सल शेजारच्यांचं.

“ते नाहीत घरी. तुम्ही ठेवून घ्याल का?” त्याने विचारलं, आणि मी सही करत असताना, जरा थांबून, “पाणी मिळेल?”

मी आत वळलो. ही ग्लास घेऊन आधीच उभी होती.