हेपबर्न दांपत्याचे योकोहामा

आज योकोहामाच्या जुन्या परदेशी वसाहतीत फिरताना डॉ. जेम्स हेपबर्न आणि त्यांच्या पत्नी क्लारा यांचाच विचार मनात होता. १८५९ मध्ये हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी दांपत्य जपानात आले, तेव्हा जपानी माणसाने ख्रिस्ती होणे हा गुन्हा होता आणि तशी मनाई करणारे सरकारी फलक १८७३ मध्येच हटले; त्यामुळे उघड प्रचाराऐवजी डॉक्टरांनी रुग्ण तपासले, १८६७ मध्ये जपानी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला आणि पुढे बायबलच्या जपानी भाषांतरात मोठा वाटा उचलला. मला मात्र क्लाराबाईंचे काम अधिक मोलाचे वाटते (नाव अर्थातच नवऱ्याचे झाले!), कारण त्या दोघांच्या ज्या घरगुती शाळेत त्या शिकवत, तिच्यापासूनच, म्हणजे १८६३ पासून, आजचे मेइजी गाकुइन विद्यापीठ आपली स्थापना मोजते.