थोरल्या मामांचा बांध

वारीत कुणाचं नाव आठवलं नाही तरी अडत नाही. समोर येईल तो माउली. वीणेकरी माउली, टँकरचा ड्रायव्हर माउली, रस्त्यात फतकल मारून बसलेल्या म्हशीलासुद्धा कुणीतरी "माउली, सरका" म्हणून जातो. ज्याला पोटच्या लेकीचं नाव आठवत नाही त्याला याहून सोयीची जागा नाही, हे थोरल्या मामांबरोबर पैठणहून चालायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं.

मामांना अल्झायमर आहे. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा घरात औषधांच्या आधी वारीचाच विषय निघाला. नाथांच्या पालखीत ते तरुणपणापासून चालत आलेले. न्यावं की नको यावर चार दिवस खल झाला. शेवटी मामीच म्हणाल्या, "घरी ठिवलं तर दारातून निघून जातेत. तिथं निदान समदी एकाच दिशेनं चालतेत." सोबत म्हणून मी निघाले. मी कॉलेजात भूगोल शिकवते, उन्हापावसात हिंडायची सवय आहे. पण माळ घातलेली नाही आणि घालेन असंही वाटत नाही.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीनं पैठण सोडलं. 'भानुदास एकनाथ' गजर सुरू झाला आणि मामा आपल्या ओळीत जाऊन उभे राहिले. ही ओळ ठरलेली असते. कोण पुढं, कोण मागं, कुणाच्या डाव्या हाताला कोण. शेजारचे टाळकरी, ऊसतोडीला जाणारे एक गृहस्थ, मामांचा कोपर हलकेच धरून त्यांना वळणावर वळवायचे. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

सकाळी चहा झाला की पाच मिनिटांत मामा विचारायचे, "चहा झाला का गं माझा?" पण टाळ हातात आले की माणूस बदलायचा. टाळाच्या दोरीचे वेढे बोटांना घ्यायचे, गाठ तळहातात दाबायची, अंगठ्यानं काठ चाचपायचा, सगळं न बघता. एका संध्याकाळी हरिपाठात एका पोरानं चरण आधीच उचललं, तर मामांनी त्याच्याकडे असे डोळे वटारले की पोरगं गपकन थांबलं. आदल्या रात्री कुठं झोपलो होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि हरिपाठातला एक शब्द हललेला त्यांना खपत नव्हता.

याचं कारण डोक्यात आहे. आठवणींची कामं मेंदूत वाटून दिलेली असतात. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग १९५३ साली फिट्सवर उपाय म्हणून बराचसा काढून टाकला, आणि त्यानंतर २००८ मध्ये मरेपर्यंत त्याच्या मनात घडलेली नवी गोष्ट टिकली नाही. पण आरशात बघून चांदणी गिरवायला त्याला शिकवलं, तर रोज त्याचा हात सुधारत गेला. दर वेळी तो म्हणायचा, हे मी कधी केलेलं नाही. अल्झायमरमध्येही हा भाग लवकर खचतो, हाताला लागलेली वळणं मात्र पुष्कळ दिवस तग धरतात. पुढं असंही दिसलं की हिप्पोकॅम्पस गेलेल्या माणसांना उद्याचं चित्रसुद्धा धड रंगवता येत नाही. आठवायला लागणारी सामग्रीच कल्पनेलाही लागते. मामांना उद्या नाही तो यामुळं. वारीत त्यांचा उद्या दिंडीवाल्यांनी आधीच ठरवून ठेवलेला होता.

बालाघाटाच्या चढाला रस्त्यासाठी डोंगर कापलाय. तिथं काळ्या खडकाचे थर उघडे पडलेत. माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडली आणि दगड झाल्यावर ती तशीच राहिली. दख्खनच्या खडकांवरून ही दिशा मोजली तेव्हा कळलं की हा लाव्हा वाहत होता तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आणि बहुतेक थर निवले त्या काळात पृथ्वीचं चुंबकत्वच उलटं होतं, म्हणजे आजचं होकायंत्र तेव्हा दक्षिण दाखवतं. हे मी सोबतच्या बायकांना सांगितलं. एक जण पदरानं घाम पुसत म्हणाली, "मंजी दगडबी वारी करून आलाय."

मला ते आवडलं, पण पुढं चालताना एक गोष्ट टोचत राहिली. दगडाला एवढं सगळं 'आठवतं', पण त्याचं कुणाला काही देणं लागत नाही. या एवढ्या पसाऱ्यात आठवणीपोटी ओशाळणारे फक्त आपण.

हे टोचायला कारण होतं. धाकटे मामा, आम्ही त्यांना बापूमामा म्हणतो, त्याच पालखीत दुसऱ्या दिंडीत चालत होते. आधी दोघं भाऊ एकाच ओळीत असत. पुढं शेताच्या बांधावरून बिनसलं. बापूमामांनी बांध कोरला, दगड सरकवला, असं थोरल्यांचं म्हणणं. तेव्हापासून बोलणं बंद, लग्नकार्याला येणंजाणं बंद. आजी गेली तेव्हा दोघं भाऊ ओसरीच्या दोन टोकांना बसले होते.

पाटोद्याच्या मुक्कामात बापूमामा समोर आले. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात त्या रिवाजानं थोरले मामा वाकले आणि त्यांनी थेट धाकट्याच्या पायांवर डोकं ठेवलं. बापूमामा चटका बसल्यासारखे मागं झाले. "दादा, आवो मी बापू."

"रामकृष्णहरी, माउली," म्हणून मामा पुढच्या माणसाच्या पाया पडायला गेले.

रात्री बापूमामा मला हुडकत आले. उभ्याउभ्याच विचारलं, "बाई, दादांनी मला माफ केलं म्हणायचं, का इसरले म्हणायचं?"

माझ्या मते विसरले. माफी द्यायला आधी दुखावल्याची आठवण हवी. ती नसेल तर देणारा काय देणार? आणि ऋण तर फिटत नाही. दोघांत वाटलेली आठवण आता एकट्या बापूमामांच्या डोक्यावर आली होती. 'झालं गेलं गंगेला मिळालं' असं म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. म्हणणारा बहुतेक वेळा कोरणाऱ्याच्या बाजूचा असतो.

त्या मुक्कामातल्या कीर्तनात बुवांनी गीतेतली साखळी लावली होती: क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश. मी मामांकडे बघत होते. साखळीतली मधली कडी तर तुटलेली, पण शेजारच्या म्हातारीला ऐकू येत नाही म्हणून ते तिला पुढं सरकायला जागा करून देत होते. आणि नुसती आठवण शाबूत असली म्हणून बुद्धी जागेवर असते असंही नाही. चोखोबांचे अभंग वारकऱ्यांना सहाशे वर्षं पाठ. मंगळवेढ्यात गावकूस कोसळून ते गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती नामदेवांनी ओळखून आणली, ही कथाही पाठ. तरी पंढरीच्या देवळाचं दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं आणि साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. पाठांतर होतं, त्याचं वळण पायांना लागलं नव्हतं.

खर्डा मागं टाकून परंड्याला आलो. पाऊस नव्हता, नुसता वारा. बापूमामा आता रोज संध्याकाळी आमच्या राहुटीत येऊ लागले होते. त्या रात्री ते थोरल्यांचे पाय चेपत बसले आणि कुणा दुसऱ्याची म्हणून सगळी हकिकत त्यांनी सांगायला घेतली. दोन भाऊ होते, धाकट्यानं नांगरताना बांध कोरला, दगड आत सरकवला, थोरल्यानं बोलणं टाकलं. मामा लक्ष देऊन ऐकत होते.

"किती कोरला?" त्यांनी विचारलं.

"नांगराची दोन तासं."

"त्यात काय पिकलं?"

"काय पिकतंय. हराळी."

मामा जरा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, सुटला धागा. मग म्हणाले, "त्याला म्हणावं, ज्याचं त्याला देऊन टाक. आन् थोरल्यालाबी सांगा, दोन तासापायी एवढं ताणायचं नसतंय. माय हुती का तवा?"

"हुती," बापूमामा म्हणाले.

"मग लईच वाईट केलं दोघांनी." आणि कूस वळता वळता, "चहा झाला का गं माझा?"

स्वतःच्याच भांडणाचा निवाडा, तोही स्वतःला न वगळता. भांडण आठवत असतं तर असा निवाडा त्यांनी दिला नसता याची मला खात्री आहे, कारण इतकी वर्षं दिला नव्हता. पण हा निवाडा त्यांचाच. ही त्यांचीच तिखट बोलण्याची ढब, तोच आईचा संदर्भ.

पंढरपूरबद्दल फार सांगत नाही. गर्दी होती, आम्ही कळसाचं दर्शन घेतलं आणि महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीला हात लावून परत फिरलो. मामांनी तिथं एका पोलिसाच्या पायांवर डोकं ठेवलं. तोही बिचारा ओशाळून त्यांच्या पाया पडला.

परतीच्या एसटीत बापूमामांनी विषय काढला. मोजणीचा अर्ज भरायचा, जे निघेल ते सोडायचं. मी म्हटलं, नोटीस थोरल्यांच्या घरी जाईल, त्याआधी त्यांच्या मुलाशी बोला. ते फोन लावत राहिले, तो उचलेना. शेवटी माझ्या फोनवरून लावला. भांडण झालं तेव्हा हा मुलगा दहावीला होता. वडिलांची आठवण गेली असली तरी त्याची पक्की आहे: बांधावर बाभूळ कुठं होती, दगड कोणत्या रात्री हलला, सगळं. बापूमामा दोन तासं म्हणाले, तो चार म्हणतो. नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींतले पाठभेद तपासून शुद्ध पोथी तयार केली, तसं इथं कोण बसणार? सोयाबीन निघाल्याशिवाय मोजणीला रान मोकळं होत नाही, म्हणजे आता जे होईल ते दिवाळीनंतर. अर्ज मी भरून ठेवलाय. त्यावर लगतच्या कब्जेदाराचं नाव म्हणून थोरल्या मामांचं नाव आहे.