चंब्याची लघुचित्रं: टॅक्सीच्या पॅकेजने जाऊ नका

डलहौसीतले टॅक्सीवाले म्हणतात, "खज्जियार आणि चंबा एका दिवसात आरामात होतं." अजिबात होत नाही. दिवस खज्जियारच्या कुरणावर जातो आणि हिमाचलमधल्या चंब्याला, ही लघुचित्रं जिथे आहेत त्या भुरी सिंग संग्रहालयासमोर गाडी थांबली की ड्रायव्हर म्हणतो, अर्धा तास बास. अर्ध्या तासात तिथली एक भिंतसुद्धा बघून होत नाही.

आमची पहिली टॅक्सी पठाणकोट कँटहून होती. (मुंबईहून स्वराज एक्सप्रेस तिथे थांबते.) चंब्यापर्यंत ४००० रुपये ठरले होते. डलहौसीच्या अलीकडे बनीखेतला ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि पुढे रस्ता खराब म्हणून ८०० जास्त मागितले. रस्ता खराब आहे हे त्याला पठाणकोटलाही माहीत होतं! पाऊस लागला होता, सोबत आई होती, दिले. ही सरळ लूट आहे. पठाणकोटच्या स्टँडवरून हिमाचल परिवहनची बस पकडा. त्याच रस्त्याने पाचेक तासांत, फार कमी पैशांत पोचवते.

बनीखेतनंतरचा टप्पा मात्र बसनेही अंगावर येतो. एका बाजूला सुटे दगड, दुसऱ्या बाजूला खाली रावीचं खोरं. गाडी लागत असेल तर गोळी बनीखेतच्या आधीच घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका. दरडी कोसळतात, शिवाय श्रावणात मिंजर मेळा असतो, खोली मिळणं कठीण. मुक्काम चंब्यातच करा, चौगानाजवळ, म्हणजे गावातल्या मोठ्या मैदानाजवळ. संग्रहालय सोमवारी बंद.

आता ज्यासाठी हे सगळं सोसायचं ते. संग्रहालय १९०८ सालचं, राजा भुरी सिंगांनी आपल्या घराण्याची चित्रं देऊन उभं केलेलं. चित्रं वहीच्या पानाएवढी, विषय बहुतेक भागवतातले. कागदाचे थर चिकटवून, घोटून गुळगुळीत केलेली वसली, त्यावर खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने काढलेली रेघ. दोन हात लांबून फक्त रंग दिसतात. काचेवर दिव्याची तिरीप येते, म्हणून बाजूला सरकून, मान तिरकी करून बघावं लागतं. मग कृष्णाच्या पितांबराची किनार दिसते, पापणीचा केस दिसतो. भिंग न्याच, हे सगळ्यात महत्त्वाचं.

रुक्मिणीहरणाच्या चित्रांपाशी मी खूप वेळ उभा होतो. आपल्या कौंडिण्यपूरची विदर्भकन्या, आणि चित्रकाराने तिला नेसवलाय पहाडी घागरा, ओढणी! तिचा निरोप कृष्णाकडे घेऊन निघालेला ब्राह्मणही पहाडीच. ज्याने वर्धा नदी कधी पाहिली नसेल त्याने इतक्या जिव्हाळ्याने आपली रखुमाई रंगवावी, याने मला भरून आलं.

चंबा रुमालही तिथेच बघा. चित्रकार कोळशाने आकृती काढून देत आणि बायका त्यावर दोन्ही बाजूंनी सारखंच दिसेल असं भरतकाम करत. बाजारात रुमाल घेताना उलटून बघा. मागे गाठी दिसल्या तर तो चंबा रुमाल म्हणून घेऊ नका.

लक्ष्मीनारायण मंदिर सकाळी उरका आणि दहाला संग्रहालयाच्या दारात उभे राहा. दुपारी पर्यटकांच्या गाड्या आल्या की चित्रासमोर उभं राहायला जागा मिळत नाही.