कोण मरतंय यंदा?

शनिवारी जेवण झालं की आडवं पडायचं आणि फोनवर सप्टेंबरच्या याद्या उघडायच्या, हा माझा दर जूनमधला कार्यक्रम. याद्या म्हणजे मार्व्हल आणि डीसी या दोन अमेरिकन कंपन्यांची सप्टेंबर २०२५ मध्ये येणारी कॉमिक्स. प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ, लेखक, चित्रकार, किंमत आणि खाली चार-पाच ओळींचा मजकूर. परवाच्या दुपारीही तेच चाललं होतं. बाहेर नुसतं भरून आलेलं, पाऊस काही पडत नव्हता. एका अंकाखाली लिहिलेलं, की यानंतर काहीच पूर्वीसारखं राहणार नाही. खाली सरकलो. तिथेही काहीच पूर्वीसारखं राहणार नव्हतं. आणखी खाली गेलो, तर तिथे कुणीतरी मरणार होतं.

दादाला फोन लावला. तो नाशिकला असतो. कॉमिक्स सोडून त्याला जमाना झाला, पण याद्या आल्या म्हटलं की चौकशी ठरलेली. "काय रे, कोण मरतंय यंदा?"

हा प्रश्न त्याने पहिल्यांदा कधी विचारला ते आठवत नाही, पण त्याचं मूळ सुपरमॅनमध्ये आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये 'सुपरमॅन'चा ७५वा अंक आला, त्यात सुपरमॅन मेला. अंक काळ्या पिशवीत बंद, आत दंडाला बांधायची काळी फीत. अमेरिकेत लोकांनी रांगा लावून तो घेतला आणि कित्येकांनी पिशवीही फोडली नाही, पुढे भाव येईल म्हणून. भाव काही आला नाही, कारण सगळ्यांनीच जपून ठेवला. सुपरमॅन मात्र पुढच्याच वर्षी परत आला. तेव्हापासून कॉमिक्समधल्या मरणावर माझा काडीचा विश्वास नाही. आणि नेमकं म्हणूनच बॅटमॅनचा नोकर आल्फ्रेड चटका लावून गेला. २०१९ मध्ये बेन नावाच्या खलनायकाने त्याची मान मोडली, मी म्हटलं येईल वर्षभरात. अजून आलेला नाही. शूरवीर उठून बसतात, चहा आणून देणारा म्हातारा मात्र गेला तो गेलाच.

यादीत अंकाखालच्या या चार ओळी असल्या का असतात, त्याला कारण आहे. अमेरिकेत हे अंक बहुतांशी खास कॉमिक्सच्या दुकानांतून खपतात आणि दुकानदाराने महिने-दोन महिने आधी मागणी कळवायची असते. उरलेले अंक बहुतेक वेळा परत घेत नाहीत. थोडक्यात, जो अंक चित्रकाराने अजून पुरता काढलेलाही नाही, तो दुकानदाराच्या गळ्यात बांधायचा. मग मजकूर लिहिणाऱ्याने करावं तरी काय? गोष्ट सांगायची नाही, पण गोष्ट फार मोठी आहे हे सांगायचं. आपल्याकडे दिवाळी अंकांच्या जाहिराती येतात तसंच हे. दहा दिग्गजांची नावं, तीन परिसंवाद, एक 'खळबळजनक' दीर्घकथा. आणि अंक हातात आला की दिग्गजाची दीड पानाची आठवण निघते. तरी पुढच्या वर्षी आपण वाचनालयाची योजना घेतोच.

जाहिरातीत सगळं काही असतं आणि अंकात त्यातलं थोडंच उतरतं, हे मला लहानपणीच कळलं होतं. कराडला आमच्या केस कापायच्या दुकानात इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा असायचा. वेताळ, मॅन्ड्रेक, मधूनच बहादूर. शेकडो हातांतून गेल्याने अंक पार लोळागोळा झालेले, पहिली-शेवटची पानं गायब. कधी गोष्ट अर्धीच उरलेली असे आणि पुढच्या अंकाची जाहिरात मात्र शाबूत. एक चित्र, एक नाव, बस. एकात वेताळ खोल पाण्यात होता आणि वर बोटीचा तळ दिसत होता. रविवारी दुकानात ही गर्दी, आमचा नंबर येईपर्यंत दादा त्या चित्राची गोष्ट रचायचा. त्याच्या गोष्टीतल्या वेताळाला पोहता येत नसे, कारण दादाला येत नसे. बोटीवर चाचे असत, चाच्यांचा म्होरक्या हुबेहूब आमच्या गणिताच्या मास्तरांसारखा बोले, आणि शेवटी वेताळ बोटीच्या तळाला भोक पाडून सगळ्यांना बुडवायचा. स्वतः कसा वाचायचा? हा प्रश्न मी दर वेळी विचारायचो आणि दर वेळी तेवढ्यात आमचा नंबर लागायचा.

पुढे केव्हातरी तो खरा अंक हाती आला. पाण्यातला प्रसंग दोन पानांत उरकलेला, वेताळ मस्तपैकी पोहत होता. मी दादाला दाखवला. तो म्हणाला, "ह्यांना नाही जमलं." वेताळ ज्याने १९३६ मध्ये जन्माला घातला त्या ली फॉकबद्दल हे मत, आणि मला ते तेव्हा पूर्ण पटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही पटतं.

असो. सप्टेंबरकडे येतो.

सप्टेंबरमध्ये 'बॅटमॅन'चा पहिला अंक येतोय. पहिला म्हणजे चौथा पहिला. एक पहिला १९४० मध्ये आला, मग २०११, मग २०१६, आणि आता हा. स्पायडरमॅनचं तर विचारूच नका. 'अमेझिंग स्पायडरमॅन' १९६३ पासून सात वेळा एकपासून सुरू झालंय, शेवटचं एप्रिल २०२५ मध्ये. त्या अंकावर मोठ्या अक्षरांत १ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ९६५, म्हणजे १९६३ पासूनची सलग मोजणी. नव्या वाचकाला ९६५ पाहून धडकी भरते म्हणे, म्हणून १. आणि जुन्याला १ पाहून दुःख होतं, म्हणून ९६५. सगळ्यांना खूश ठेवायचं हे धोरण मला मुळीच मान्य नाही. धडकी भरू दे की! आम्ही इंद्रजाल मिळेल त्या पानापासून सुरू केली, आमचं काय बिघडलं?

मुखपृष्ठांचाही असाच वैताग. एकाच अंकाची आठ-आठ मुखपृष्ठं, त्यातलं एखादं असं, की दुकानदाराने साधे पंचवीस अंक मागवले तरच ते एक मिळणार. आत गोष्ट तीच. हे घेणारे लोक आहेत आणि ते चांगल्या घरचे आहेत, इतकंच बोलतो.

पण या नव्या 'बॅटमॅन'बद्दल मी कुरकुरत असलो तरी लेखक मॅट फ्रॅक्शन आहे आणि चित्रं होर्हे हिमेनेझची. शिवाय बॅटमॅनचा पोशाख परत निळा-करडा होतोय. काळा कुळकुळीत बॅटमॅन पाहून पाहून डोळे विटले होते. पोशाखाच्या रंगावर पन्नाशीतल्या माणसाने इतकं खूश व्हावं का, असं बायकोने विचारलं नाही, नुसतं पाहिलं.

यादीत मी खरा रेंगाळतो तो 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'पाशी. स्कॉट स्नायडर लिहितो, निक ड्रगोटा काढतो. ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे. यातल्या ब्रूसकडे, म्हणजे एरवी गडगंज असलेल्या बॅटमॅनकडे, पैसा नाही. हवेली नाही, नोकरचाकर नाहीत. वडील शाळामास्तर होते, ते मारले गेले. आई जिवंत आहे. अंगाने रेड्यासारखा आडवा, आणि छातीवरचं वटवाघूळ उपसलं की त्याची कुऱ्हाड होते. आल्फ्रेडही आहे, पण तो गुप्तहेर, याच्यावर पाळत ठेवायला आलेला. बॅटमॅनमधून पैसा काढून घेतला तर काय उरतं, हा प्रश्न इतकी वर्षं कुणी धड विचारला नव्हता. यातही मरणं-मारणं भरपूर आहे, पण जाहिरात वाचून मी मनात जी गोष्ट रचतो तिच्यापेक्षा अंक बरा निघतो. असं फार क्वचित होतं. दादाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे गरीब बॅटमॅन? तो तर आपल्याकडे लोकलमध्ये रोज भेटतो."

लोकलवरून आठवलं, २००४ मध्ये मुंबईचा स्पायडरमॅन आला होता. पवित्र प्रभाकर त्याचं नाव. खेड्यातून मुंबईत आलेला, घरात भीमकाका आणि मायाकाकू. वर कोळ्याचं जाळं आणि खाली धोतर. धोतर नेसून गगनचुंबी इमारतींवरून उड्या मारायच्या म्हणजे कोळ्याच्या ताकदीपेक्षा काष्ट्याचीच कमाल. जाहिरात पाहिली तेव्हा मी हसलो होतो. आता तो पडद्यावरही येऊन गेला आणि पोरं त्याची चित्रं फोनवर लावतात.

आणि यादीतली सगळ्यांत मोठी बातमी : १७ सप्टेंबरला डेडपूल आणि बॅटमॅन एकाच अंकात. डेडपूल मार्व्हलचा, बॅटमॅन डीसीचा. झेब वेल्स लिहिणार, ग्रेग कॅपुलो काढणार. आणि नोव्हेंबरमध्ये डीसीकडून याच जोडीचा अंक, ग्रँट मॉरिसनने लिहिलेला. दोन्ही घरांतली माणसं नव्या गोष्टीत शेवटची एकत्र आली ती २००३-०४ मध्ये, डीसीच्या जस्टिस लीग आणि मार्व्हलच्या अ‍ॅव्हेंजर्सच्या चार अंकांत. ती मालिका खरं तर १९८३ मध्येच यायची होती. चित्रकार जॉर्ज पेरेझने एकवीस पानं काढूनही झाली होती. दोन कंपन्यांचं कथेवरून जमेना, काम थांबलं. तो तेव्हा तिशीही न ओलांडलेला. वीस वर्षांनी कर्ट ब्युसिकने नवी गोष्ट लिहिली आणि पेरेझने पहिल्यापासून सगळं पुन्हा काढलं. तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर दोन्ही संघांत आजवर असलेले झाडून सगळे आहेत, एकेकाचा चेहरा ओळखू येतो.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये पेरेझने जाहीर केलं, की स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही, उपचारही घेणार नाही. मग दोन्ही कंपन्यांनी परवानगी दिली आणि अडचणीतल्या चित्रकार-लेखकांना मदत करणाऱ्या एका संस्थेने ती मालिका पुन्हा छापली. फक्त सात हजार प्रती. जाहिरातीत कुणी मरणार असल्याचा उल्लेख नव्हता. ६ मे २०२२ ला पेरेझ गेला, सदुसष्टाव्या वर्षी.

दादाला हे सांगितलं नाही. त्याला एवढंच म्हणालो, की डेडपूल-बॅटमॅन मी घेणार आहे, कसाही असो.

"कितीला?"

"ते बघू."