तुम्ही विचारलंत म्हणून: जिप्सी नक्की कुठून ओरडते?

"सीटखालून आवाज येतोय, ट्रान्सफर केस गेली का?" चिपळुणात माझ्याकडे जुनी मारुती जिप्सी आहे हे ज्याला कळतं, तो आज ना उद्या हा प्रश्न घेऊन येतो. तुम्हीही तोच विचारलात. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी गिअरची पेटी. तिच्या बिचारीवर आळ का येतो ते आधी बघा. जिप्सीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मागे, वेगळी, रबरी माउंटिंगवर चासीला टांगलेली असते. गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो, आणि तिच्यापासून पुढच्या-मागच्या डिफरन्शियलकडे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीकडे) दोन प्रोपेलर शाफ्ट जातात. तीन शाफ्ट, आणि त्यांच्या टोकांना वाकून फिरणारे सांधे, म्हणजे सहा क्रॉस. यातलं काहीही वाजलं तरी आवाज चासीतून फिरतो आणि जिथे पत्रा पातळ तिथून वर येतो. म्हणजे आपल्या सीटखालून. शिवाय जिप्सी किंग या मॉडेलची ट्रान्सफर केस हाय रेंजमध्येसुद्धा (म्हणजे रोजच्या चालवण्यातही) सरळ जोडलेली नसते. तिथेही गिअरचं प्रमाण 1.4 च्या आसपास असतं, त्यामुळे ती ठणठणीत असली तरी थोडी गुणगुणतेच.

तेव्हा आवाज कुठून येतोय हे कानाला विचारू नका. तो कोणत्या तालात येतोय ते विचारा.

हे मी नुकसान सोसून शिकलो. माझी किंग 1998 ची. काही वर्षांपूर्वी तिला सावकाश चालवताना चिक्-चिक्-चिक् असा आवाज यायला लागला, पिंजऱ्यातल्या पोपटासारखा. वेग वाढला की बंद व्हायचा, खरं तर इंजिनाच्या आवाजात बुडायचा. गॅरेजवाल्यानं ट्रान्सफर केस उतरवली, खोलली, बेअरिंग बदलली, सील बदलली. गाडी घरी आणली आणि फाटकातच पुन्हा चिक्-चिक्. चांगली ट्रान्सफर केस उगाच खोलली गेली याचं मला आजही वाईट वाटतं. 1985 ला आलेली आणि 2019 ला बंद झालेली ही गाडी आहे. आता चालतेय ती प्रत्येक जिप्सी जुनीच, आणि एकदा उघडलेलं काम पुन्हा पहिल्यासारखं बसेलच असं नसतं.

त्या रविवारी पुतण्याला बोलावलं. सपाट अंगण, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, ट्रान्सफरचा लिव्हर टू-व्हीलला. मागच्या टायरवर खडूची रेघ ओढली. पुतण्या ढकलत होता आणि मी टायरजवळ वाकून मोजत चाललो होतो. रेघ जमिनीला टेकली तिथून सुरुवात, दोन फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत. "काका, किती?" अकरा.

आता हिशोब बघा. मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण चारच्या जरासं खाली असतं. चाकाची एक फेरी झाली की मागचा लांब शाफ्ट जवळजवळ चार वेळा फिरतो. आखूड शाफ्ट त्याच्याही पलीकडे, ट्रान्सफर केसच्या अलीकडच्या बाजूला, म्हणून तो आणखी 1.4 पटीनं फिरतो. म्हणजे एका फेरीला साधारण साडेपाच. दोन फेऱ्यांना अकरा! चाकाच्या एका फेरीला एकच आवाज आला असता तर ब्रेक, हब किंवा अ‍ॅक्सल बघितला असता. चार आले असते तर मागचा लांब शाफ्ट.

पण एखादा क्रॉस एका फेरीत दोनदाही ओरडतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर मी थांबलो नाही. ट्रान्सफरचा लिव्हर न्यूट्रलला टाकला आणि पुन्हा ढकलायला लावलं. आता मागचा शाफ्ट फिरतोय, आखूड शाफ्ट मात्र थांबलेला. आवाज गायब. (लिव्हर न्यूट्रलला असताना गाडी गिअरमध्ये ठेवलीत तरी ती जागेवर धरून राहत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा. उतारावर हा प्रयोग नको, आणि गाडीखाली शिरण्याआधी चाकांना दगड लावाच.)

मग खाली शिरलो. आखूड शाफ्टच्या मागच्या क्रॉसच्या कपाभोवती गेरूसारखी तांबडी भुकटी साचली होती. ग्रीस संपून आतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्या की हीच भुकटी बाहेर पडते. शाफ्ट सोडवून क्रॉस हातानं हलवला तर एका दिशेला सुतासारखा फिरे आणि दुसऱ्या दिशेला अडखळे. एक क्रॉस बदलला आणि पोपट गेला. शाफ्ट सोडवण्याआधी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडतात त्या चकतीवर) आणि सरकत्या जोडावर रंगाची खूण करून ठेवा. जोड एखादा दात चुकून बसला तर आवाज जाईल, पण थरथर येईल.

सुटताना किंवा गिअर बदलताना येणारा 'ठक्' वेगळा. तो क्रॉसमधली ढिलाई, शाफ्टचे झिजलेले दात किंवा फ्लँजचा सैल बोल्ट यांतला असतो. चाकं अडवून शाफ्ट हातानं पिळून बघा, बहुतेक वेळा तिथेच कळतं. आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळणं घेतलीत तर गाडी कुंथणार, ठकठकणार, लिव्हर अडकणार. तो दोष नव्हे. या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियलच नाही. थोडी मागे घ्या, ताण सुटेल.

राहिली घुंऽऽ अशी घरघर. तिला ढकलून मोजता येत नाही, रस्त्यावरच ऐकावी लागते. चालत्या गाडीत क्लच दाबून न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच निर्दोष. डावीकडे वळताना वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग बघा, कारण वजन तिकडे जातं. रस्ता बदलला की बदलत असेल तर तो मड टायरचा आवाज आहे. आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक, सोडताना दुसरा असा आवाज असेल तर क्राऊन-पिनियनकडे, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मुख्य दोन गिअरकडे वळा.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझी गाडी चाकांच्या वर बुडालेली होती. पाणी ओसरल्यावर इंजिनाचं, गिअरबॉक्सचं, ट्रान्सफरचं तेल बदललं. चिखल उपसण्याच्या धांदलीत मागचं डिफरन्शियल राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना पाय उचलला की घुंऽऽ. मेस्त्रींनी खालचा नट सोडला आणि परातीत दुधाळ चहाच्या रंगाचं तेल पडलं. ब्रीदरमधून, म्हणजे डिफरन्शियलच्या हवेच्या भोकातून, पाणी आत गेलेलं होतं. पिनियनच्या बेअरिंगवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते, नखाला लागत होते. एवढ्याशा कामाची आठवण ठेवली असती तर ते बेअरिंग वाचलं असतं.

तुमच्या आवाजाबद्दल एवढंच कळवा: चाकाच्या दोन फेऱ्यांत किती वेळा येतो, आणि ट्रान्सफर न्यूट्रलला टाकल्यावर येतो की नाही. पुढचं बघू. तोवर गॅरेजात कुणाला काही खोलू देऊ नका.