धुवायचा राहिलेला शर्ट

त्या बुधवारी सकाळपासून कोल्हापुरात एकच विषय चालू होता: पाणी किती फुटावर? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्यामुळे दारातली बाई "म्याडम, आमच्या घरात शिरलंय" म्हणाली, तेव्हा मी पुराचंच समजले.

"कुठं राहता? सुतारवाड्यात?"

"न्हाई ओ. पाणी न्हवं. पोलीस आल्ते."

लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या जिन्यावर आमचं समुपदेशन केंद्र आहे. चौदा वर्षं मी तिथं बसते. समोरच्या खुर्चीतल्या बाईवर अन्याय झालाय, हे आम्ही तिनं तोंड उघडायच्या आधीच धरून चालतो. नोंदवहीत रकाने ठरलेले: मारहाण, दारू, संशय, हुंडा, इतर. या बाईला मी 'इतर'मध्ये टाकलं. (ओळख पटेल असं सगळं इथं बदललंय.)

नवऱ्याचा उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना. तिथं हिशेब बघणाऱ्या मुलीनं त्याच्यावर बलात्काराची फिर्याद दिली होती. सोमवारी रात्री जेवताना त्याला उचलला, सीपीआर या सरकारी दवाखान्यात वैद्यकीय तपासणी झाली, मंगळवारी कसबा बावड्याला कोर्टात उभा केला, तीन दिवसांची पोलीस कोठडी. हे सगळं तिनं दुसऱ्याच कुणाच्या घरातलं सांगावं तसं सांगितलं. आवाज फुटला तो पुढच्या वाक्याला. "ती पोरगी दिवाळीला आमच्यात फराळाला आल्ती."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते सांगून टाकते, कारण ते चांगलं नव्हतं. हिला काहीच कसं कळलं नाही? मागच्याच आठवड्यात त्या खुर्चीत बसून वेगळ्या प्रकरणातली एक मुलगी दोन तास नुसती ओढणीचं टोक पिळत होती. ती डोळ्यापुढून जात नव्हती. मी तोंडानं काही बोलले नाही, पण चेहऱ्यावर आलं असणार.

"सगळी हेच इचारत्यात," ती म्हणाली. "बाई असून तुला कळलं कसं न्हाई म्हणून."

मग तिनं मांडीवरची प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत शनिवारचा शर्ट. पोलिसांनी अंगावरचे कपडे नेले होते. हा बाथरूममधल्या बादलीखाली राहिला होता. सासूबाईंनी दोनदा सांगितलं, मशीनला लाव म्हणून. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती पिशवी घेऊन सरळ घराबाहेर पडली आणि केएमटीच्या बसमध्ये बसली.

"मी धुतलो न्हाई. पण धुवू का?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. पिशवीला मी हात लावला नाही. उघडूही दिली नाही. नवरा पळून आला आणि बायकोनं त्याला घरात लपवलं तर कायदा तिला माफ करतो. पण पुरावा नाहीसा करण्याला, भारतीय न्याय संहितेच्या 238 कलमात, बायको म्हणून सूट नाही. एवढं मला माहीत होतं, आणि ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं. पुढचं सांगायला वकील हवा.

"वकील दिरांनी दिलाय की."

"तो त्यांचा वकील. तुमचा न्हवं."

हे तिला पटायला वेळ लागला. लग्न झालेल्या बाईला नवऱ्यापेक्षा वेगळा वकील लागतो तो फक्त घटस्फोटाला, असाच आपल्याकडे समज. पण नवऱ्याच्या वकिलाला नवरा वाचवायचा असतो, त्यात बायकोचं काय होईल हे त्याच्या कामात येत नाही. 1987च्या विधी सेवा कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठीच्या 15100 या हेल्पलाइनला फोन मीच लावून दिला. दुपारपर्यंत कोर्टातली एक वकीलबाई मिळाली. तिनं फोनवर आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जबाब घ्यायचा तर पोलिसांनी घरी यायचं, बाईला ठाण्यात या म्हणून सक्ती करता येत नाही. आणि नवऱ्यानं संसारात बायकोला जे सांगितलं ते कोर्टात तिच्याकडून वदवून घेता येत नाही. पण तिनं डोळ्यांनी जे बघितलं त्याला ते कवच नाही. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ पिशवीकडंच बघत होती.

घरातून मात्र फोनवर फोन. जाऊबाईंचं म्हणणं, तू त्या पोरीच्या घरी जा, पाया पड, बाई बाईचं ऐकती. मी जवळजवळ ओरडलेच. त्या घराच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही. त्या मुलीनं जे सोसलं असेल त्यावर हे आणखी एक ओझं, आणि फिर्यादीवर दबाव आणला म्हणून जामिनाला अडचण ती वेगळीच. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी मुलीचं नाव टाकलं होतं. ते पुढं पाठवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे तिनं तिथल्या तिथं व्हॉईस मेसेज करून दिराला खडसावून सांगितलं. दिवसभरात तिचा आवाज चढला तो तेवढ्यापुरता.

चहा दोनदा गार झाला. शेवटी तिनं विचारलं, "खरं असंल का ओ?"

अशा वेळी दोन उत्तरं अगदी ओठांवर असतात. तसं काही नसेल हो. नाहीतर, पुरुषाची जात अशीच. दोन्ही मी गिळली. मला माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. मी म्हटलं, हे ठरवायचं काम आज तुमच्यावर नाही. तपास पोलीस करतील, निवाडा कोर्ट करेल. सासरचे म्हणतील तू आमच्या बाजूनं बोल, माहेरचे म्हणतील सोडून ये. दोघांनाही आज उत्तर देऊ नका. आज पोरीला शाळेतून आणा, दोन घास खा, फोन कुणा एकाच्याच हातात द्या.

"पोरीला काय सांगू?"

पोरगी नऊ वर्षांची. बाबा गावाला गेलेत, असं सांगून झालेलं. मी म्हटलं, खोटं टिकणार नाही, शाळेतली पोरं तुमच्या आधी सांगतील. बाबांवर कुणीतरी मोठी तक्रार केलीय, पोलीस विचारपूस करतायत, खरं काय ते आईलाही अजून माहीत नाही, आणि यात तुझी काही चूक नाही. एवढं पुरे. तिनं ते शाळकरी पोरीसारखं दोनदा म्हणून बघितलं.

पुढच्या बुधवारी ती परत आली. नदी उतरली होती, पंचगंगा घाटावर चिखल काढायचं काम सुरू होतं. शर्ट तपास अधिकाऱ्यांनी पंचनामा करून नेला, नवरा आता कळंब्याच्या तुरुंगात.

"सासूबाई?"

"बोलत न्हाईत. पण भाकरी दोघींची थापत्यात."

तिनं पर्समधून कागद काढला. कारागृहातल्या भेटीसाठी काय काय लागतं, ते दिरानं लिहून दिलेलं. आधारकार्ड, फोटो, नातं.

"जायचंय?" मी विचारलं.

ती कागदाची घडी घालत राहिली. बारीक, आणखी बारीक. मग पर्समध्ये ठेवून म्हणाली, "शनवारी पोरीची परीक्षा संपती. त्येच्यानंतर बघतो."